वारेचं वजन

पहाटे ५.३०
रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन. "उठलात का ताई? पहिलटकरीण आलीय, रात्री दोनला. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलंय. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण पोट फार लहान दिसतंय."

"टेप लावलीस?"

"लावली. तीस भरलं."

साधा हिशेब असा, की सहावा महिना सरला की ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या टोकापर्यंत जितके सेंटीमीटर, साधारण तितके आठवडे. शेवटी शेवटी डोकं खाली सरकतं, एखाद-दुसरा सेंटीमीटर कमी भरतो. पण दिवस भरलेल्या बाईचं पोट तीस भरलं, की माझी झोप उडते.

चहा ठेवला, पोहे टाकले. बाहेर पावसाने रात्रभर झोडपलंय. जव्हार-मोखाड्याच्या या पट्ट्यात ऑगस्टमध्ये पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आज ९ तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून देशभर. ऑगस्टची ९ म्हणजे आदिवासी दिनही. बाया आधी मिरवणुकीला जातील, मग दवाखान्यात येतील. दुपार गच्च भरणार.

सकाळी ८.००
चार्ज घेतला. पहिलटकरीण वीस वर्षांची, उंची १४७ सेंटीमीटर, वजन ४२ किलो, हिमोग्लोबिन ८.८. रक्तदाब १३०/८४, लघवीत अल्ब्युमिन नाही. तिचं माता-बाल कार्ड हातात घेतलं. पहिल्या सहा महिन्यांचे रकाने कोरे. पहिली नोंद जूनमधली, तेव्हाच तीस आठवडे झालेले.

"कुठं होतीस गं?"

"भट्टीवर, बाई."

"पाळी कधी चुकली ते आठवतं?"

"दिवाळीत आली होती. मग नाही आली."

म्हणजे अडतीस आठवडे पुरे झालेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं नाही, दिवस भरूनही लहान राहिलेलं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या. एका बाळाला वेळ पुरला नाही, दुसऱ्याला वेळ होता, घास पुरला नाही.

दिवाळी झाली की या भागातली गावं रिकामी होतात. बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला जोडपी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथं आठवड्याला खर्ची मिळते, त्यात तांदूळ, तिखट, मीठ, थोडं सुकट. हिचं पोट तिथंच राहिलं आणि वाढलंही तिथंच.

सकाळी ९.१५
कळा जोरात. मधल्या वेळेत तिला डाव्या कुशीवर वळवलं, पाणी पाजलं. सासू पायाशी उभी, तिचा हात सुनेच्या कमरेवर. बाळाचे ठोके १४०, १४४. एक कळ ओसरली आणि ठोके ११० वर आले, मग सावकाश वर चढले. पुढच्या कळेलाही तसंच.

डॉक्टर मॅडमना बोलावलं. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं आईचं रक्त तेवढ्यापुरतं अडतं. वार धडधाकट असेल तर बाळ तेवढा वेळ शिलकीवर काढतं. शिलकच नसेल तर कळ सरल्यावर ठोके पडतात. मॅडमनी तपासलं. तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं खाली. १०८ ची गाडी दारात उभी करून ठेवली आणि म्हणाल्या, "थोडा वेळ बघू या." मी ठोके मोजत राहिले. अशा वेळी तोंडाने धीर देत असते, पण कान सगळा ठोक्यांवर.

सकाळी १०.४०
मुलगी झाली. पुसून चोळली तशी रडली. आवाज बारीक, पण सलग. आईच्या पोटावर ठेवली, नाळेची धडधड थांबेपर्यंत नाळ कापली नाही. वारेतलं जे रक्त बाळाचं आहे, ते त्याला मिळू द्यायचं. अशा अशक्त बाळाला तर मिळायलाच हवं. दरम्यान आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं.

वजन २,०६० ग्रॅम. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, हे सगळ्या जगाचं माप. मांड्यांची कातडी सैल, फासळ्या मोजता येतील अशा, डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि डोळे टक्क उघडे. अठराशेच्या वर आहे, श्वास नीट आहे. आईजवळ राहू शकेल.

सकाळी १०.५०
वार पडली.

या कामाला मी घाई करू देत नाही. मोठ्या स्टीलच्या भांड्यात ती पालथी घातली, दिवा जवळ ओढला. आईकडची बाजू गडद तांबडी, पंधरा-वीस पाकळ्यांची. पाकळ्या एकमेकींना जुळल्या की समजायचं, आत काही राहिलेलं नाही. तेवढ्यासाठीच आम्हाला वार बघायला शिकवतात, कारण एक तुकडा आत राहिला तर आई रक्तस्रावाने जाऊ शकते. केसपेपरवरही तेवढाच रकाना आहे, वार पूर्ण पडली का. हो लिहिलं.

मग मी माझ्यासाठी बघते. मधोमध पाकळ्या मऊ, स्पंजासारख्या. कडेला मात्र तीन ठिकाणी अंगठ्याएवढे फिकट डाग. बोटाने दाबले तर टणक. तिथं आईचं रक्त पोचायचं कधीच थांबलं होतं आणि तेवढी वार वाळून गेली होती. उलटी केली. बाळाकडची बाजू निळसर, चकचकीत, नाळेच्या मुळापासून रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. या झाडाच्या फांद्या विरळ. नाळ माझ्या करंगळीहून बारीक. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, त्यांच्याभोवती जेलीसारखा गर असतो. इथं तो गर नावालाच.

पडदे आणि नाळ बाजूला करून ताजव्यात घातली, भांड्याचं वजन वजा केलं. ३०५ ग्रॅम. चांगल्या भरलेल्या बाळाची वार अर्ध्या किलोच्या आसपास असते, बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतकी.

बाळाचं वजन आम्ही ग्रॅममध्ये घेतो, कार्डावर लिहितो, वरच्या कार्यालयाला कळवतो. ज्या अवयवाने ते बाळ पोसलं, त्याचं वजन कुणी विचारत नाही. तो पिवळ्या पिशवीत जातो. मी विचारायचं ठरवलं, तेव्हापासून वही ठेवतेय. आता तिसरी वही चालू आहे.

सकाळी ११.२०
बाळ छातीवर, दोघींवर एकच गोधडी. पहिल्या तासातच तोंड लावायला हवं. थोडं चोखलं, थकलं, झोपलं. अशा बाळाच्या अंगात साखरेचा साठा नसतो, म्हणून दर दोन तासांनी पाजायचं आणि साखर बघायची. व्हिटॅमिन के दिलं.

सासूबाई दाराशी आल्या. "बाई, वार द्या ना. आम्ही अंगणात पुरतो."

"देता येत नाही, आजी. नियम आहे. इथंच खोल खड्ड्यात पुरली जाईल."

"नीट पुराल ना? कुत्र्यामांजराने उकरू नये."

"मी स्वतः बघते."

त्या मान हलवून गेल्या. वारेला मान द्यायची रीत त्यांच्याकडे आहे. आम्ही शिकलेले लोक तिला कचऱ्याच्या यादीत घालतो. पुरायला पाठवताना मी खरंच मागोमाग गेले.

दुपारी १२.००
मिरवणूक संपली असावी, तारप्याचा सूर थांबला. ओल्या छत्र्या, नव्या साड्या, डोक्यात फुलं. बाकावर पंचेचाळीसएक बाया. वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी. मॅडम आत तपासतात, बाहेरचं सगळं मी आणि दोन नर्सबाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांचं रक्त कमी निघालं. आमच्या बाकावर दहाच्या वर हिमोग्लोबिन आलं तर आम्ही त्या बाईकडे कौतुकाने बघतो.

लोहाच्या गोळ्या १८०, कॅल्शियमच्या ३६०. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, लोहाची गोळी चहासोबत नाही. हे वाक्य आज मी किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. मिश्रीचं मात्र प्रत्येकीला वेगळं विचारते. जळक्या तंबाखूने दात घासायची सवय कुणी सांगत नाही, काळसर हिरड्या सांगतात. तंबाखू वारेच्या वाहिन्या आवळते, बाळाचं वजन खाते. रागावून उपयोग नसतो. भूक मारायला लावते गं, असं एकजण आज म्हणाली. त्यावर काय रागवायचं.

दुपारी १.१०
एक बाई रांगेच्या शेवटी उभी होती, नवऱ्यासोबत. पोट दिसतच नव्हतं. मला वाटलं दुसऱ्या कामाला आलीय. "पाळी चुकलीय," ती म्हणाली. मेच्या शेवटी आली होती. अकरा आठवडे! वजन ४० किलो, हिमोग्लोबिन ९.६.

बाकीच्या बायांना थोडं थांबायला सांगितलं आणि हिला बाजूच्या खोलीत नेलं. अकरा आठवड्यांची बाई आमच्याकडे क्वचित येते, आणि सगळ्यात जास्त सांगण्यासारखं असतं ते तिलाच.

नवऱ्याला म्हटलं, तूही बस. कागदावर वार काढून दाखवली. म्हटलं, बाळ अजून अंगठ्याएवढं आहे, आत्ता त्याची भूक ती किती. पण त्याची चूल आत्ता मांडली जातेय. वार रुजते तेव्हा तिच्या पेशी गर्भाशयातल्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांची तोंडं रुंद करतात. हे काम पाचव्या महिन्यापर्यंत चालतं. मग त्यांतून आईचं रक्त वारेच्या झुबक्यांवर येऊन पडतं. आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून घास पलीकडे जातो, प्राणवायू पलीकडे जातो, घाण अलीकडे येते. दिवस भरतात तेव्हा हे झुबके उलगडून पसरले तर दहा बाय बाराची खोली झाकतील, आणि दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त तिथं येतं. वाहिन्या अरुंदच राहिल्या तर पुढे आठव्या-नवव्या महिन्यात कितीही वाढलं, तरी दार लहान ते लहान.

नवरा कागदाकडे बघत होता. "म्हणजे आत्ताच खायला पाहिजे?"

हेच ते. एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून यावं म्हणून मी इतकी बोलते.

हे माझ्या मनचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे ८०० गरोदर बायांच्या खाण्यापिण्याची, कष्टांची आणि बाळांची नोंद ठेवली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. नवल असं की आईने एकूण किती उष्मांक खाल्ले, किती प्रथिनं खाल्ली, यावर बाळाचा आकार फारसा ठरत नव्हता. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या बायांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. सर्वांत हडकुळ्या आयांमध्ये हा फरक जास्त दिसला. जास्त कष्ट करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांची बाळं लहान होती. आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीत वारेचा आकार मोजला, तेव्हा ज्यांची वार तेव्हाच लहान, त्यांची बाळंही पुढे लहान. आईचं गरोदर राहण्याआधीचं वजन कमी, तर वारही लहान. याच बाळांकडे बघून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपलं लहान बाळ मांसाने लहान असतं, कातडीखालची चरबी मात्र राखून ठेवतं, आणि मोठेपणी मधुमेहाकडे झुकतं. एका प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं, त्या रात्री मी माझ्या पहिल्या वहीचे रकाने आखले.

हिला पुण्याचं सांगितलं नाही. तिला विचारलं, रानात काय आलंय? "टाकळा आहे, कुरडू आहे, भारंगी, आता कंटोळी येतील." दारात शेवगा आहे का? आहे. मग रोज एक भाजी, नुसती चव घेण्यापुरती नाही, वाटीभर. नागलीची भाकर, उडदाचं डांगर, खेकडे मिळतील तेव्हा खेकडे, अंडं आठवड्यातून जितकी वेळा जमेल. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं नाही, नवऱ्याच्या बरोबर बसायचं. फोलिक ॲसिडच्या गोळ्या हातात दिल्या.

"आणि दिवाळीनंतर?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "बयाणा घेतलाय," तो म्हणाला.

दिवाळीत हिला सहावा महिना असेल. वारेचा पाया तोवर घरी, पावसाळ्यात, पालेभाज्यांच्या दिवसांत पडलेला असेल. सकाळच्या पहिलटकरणीला हे मिळालं नव्हतं. पण दिवसाला शेकडो विटा वाहताना बाळ वाढायचं कसं? मी म्हटलं, तू जा, हिला ठेव. तो म्हणाला, जोडीशिवाय शेठ घेत नाही. खोटं बोलत नव्हता. भट्टीचं काम जोडप्यालाच मिळतं.

दुपारी ३.००
जेवले. डबा गार झाला होता.

दुपारी ३.३०
वॉर्डात. पोरीची साखर ५२. अंग थोडं गार लागलं, म्हणून झबलं काढून तिला आईच्या उघड्या छातीवर उभी बांधली, डोक्यावर टोपी. कांगारूसारखं म्हणतात ते हेच. आजीने आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच पदर सारखा करून दिला. अर्ध्या तासात पाय कोमट झाले.

पलीकडच्या खाटेवर कालची बाळंतीण. तिचं बाळ २,९००, वार ४८०. तिसऱ्या खाटेवरच्या बाळंतिणीचं हिमोग्लोबिन ७.६ होतं, बाळ २,४०० आणि वार ५६०. रक्त कमी असलेल्या आईची वार कधी कधी अशी बाळाच्या मानाने मोठी निघते. मिळत नाही म्हणून जास्त हात पसरलेले असतात. इंग्लंडातल्या डॉक्टरांनी हे १९९१ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणून नुसतं वारेचं वजन बघून भागत नाही, बाळाच्या वजनाशेजारी ठेवूनच ते वाचायचं. लहान वार आणि लहान बाळ ही एक गोष्ट, मोठी वार आणि लहान बाळ ही दुसरी.

संध्याकाळी ५.००
माझी ड्युटी दोनलाच संपली होती. पोर नीट चोखेपर्यंत पाय निघेना.

आमच्याकडे २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं पोटभर जेवण मिळतं, डाळ, भात, भाजी, भाकर, अंडं. चांगली योजना आहे. सकाळच्या पहिलटकरणीनेही जूनपासून ते जेवण खाल्लं आणि तिचं वजन अडीच किलो वाढलं, नाहीतर बाळ आणखी लहान झालं असतं. पण ते ताट शेवटच्या तीन महिन्यांत सुरू होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला होता. बायांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ रोज दिला. सगळ्या मिळून बाळांच्या वजनात नगण्य फरक पडला. पण गर्भ राहण्याआधी तीन महिने तरी ज्यांनी खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. ४८ ग्रॅम थोडे वाटतात. अतिशय हडकुळ्या बायांना तर तेवढाही फायदा दिसला नाही. मी याचा अर्थ असा लावते, की एका वाटीने वर्षानुवर्षांची ओढ भरून निघत नाही, आणि जे भरून निघतं ते लवकर सुरू केलं तरच.

माझं मागणं सोपं आहे. ताट शेवटी नको, सुरुवातीला हवं. लग्न झालेल्या पोरीलाच हवं. आणि ती जिथं असेल तिथं हवं, भट्टीवर असेल तर भट्टीजवळच्या अंगणवाडीत. विटा तिथं मोजल्या जातात, खर्ची तिथं मोजून दिली जाते, मग पोटातलं बाळही तिथंच मोजायला हवं.

संध्याकाळी ७.१५
पोरीने वीस मिनिटं सलग चोखलं. गिळल्याचा आवाज मी कान लावून ऐकला. आईला पेज दिली. तिने विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का? लई बारकी झाली."

"तुझं काहीच चुकलं नाही, बाळा." तिच्या केसांवरून हात फिरवला. विटांचा बारीक तांबडा चुरा तिच्या टाचांच्या भेगांत अजून होता. दोन महिन्यांचा पाऊसही तो धुऊ शकला नव्हता.

रात्री ९.००
वही काढली. तारीख, आईचं वय, उंची, वजन, रक्त, बाळ २,०६०, वार ३०५, कडेला तीन टणक डाग, नाळ बारीक. शेवटचा रकाना माझ्या मनाने आखलेला आहे, पहिले पाच महिने कुठे. तिथं लिहिलं, भट्टी.

मग दुपारच्या बाईच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. पाऊस जोरात, रेंज जात-येत होती. म्हटलं, अकरा आठवड्यांची आहे, उद्याच नाव घ्या, आणि घरी पाणी कोण भरतं ते बघा, विहीर उतारावर आहे म्हणत होती.

"बघते ताई. तिची सासू माझ्या ओळखीची आहे."

"आणि दिवाळीनंतर कुठल्या भट्टीवर जाणार, ते आत्ताच विचारून ठेवा. गावाचं नाव, शेठचं नाव, नवऱ्याचा नंबर. तिथल्या आशाला मी स्वतः फोन करेन."

"नंबर एकच आहे घरात, तोही कधी चालू कधी बंद."

"मग दिराचा घ्या. नाहीतर शेजाऱ्याचा."

"घेते," त्या म्हणाल्या, आणि फोन कट झाला.